दोन दिवसांत अठरा आठवडे

पहिलीचे अठरा आठवडे आम्ही दोन दिवसांत काढले. 'काढले' हा आमच्या शाळेतला शब्द. "आज नऊ काढले, उरलेले उद्या," असं आमच्या वर्गाची मावशी म्हणायची, गाडीतून गोणी उतरवल्यासारखं.

आठवडे कसले काढायचे असतात, असं कोणी विचारेल. तर दर शुक्रवारी दुपारी अडीच वाजता प्रत्येक पालकाच्या फोनवर एक पत्रक जातं. वर शाळेचं नाव, मध्ये त्यांच्या मुलाचा फोटो, खाली दोन ओळी. 'या आठवड्यात तुमच्या पाल्याने तरंगणाऱ्या व बुडणाऱ्या वस्तू ओळखल्या.' 'या आठवड्यात तुमच्या पाल्याने वर्गाची लांबी वितीने मोजली.' चोवीस मुलं, प्रत्येकाचा वेगळा फोटो, दर आठवड्याला. मागच्या वर्षी मी हे खरोखर करायला गेले. मुलं बादलीपाशी आणि मी फोनपाशी. एकाचा फोटो हलला, एक रडत होता, एक संडासात होता. पत्रकं शुक्रवारऐवजी सोमवारी गेली आणि मंगळवारी पालक दारात. म्हणून यंदा मोठ्या बाईंनी, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिकांनी, तोडगा काढला. सत्र सुरू होताच सगळे फोटो एकदम काढून ठेवायचे. मग शुक्रवारी नुसते पाठवायचे.

"एकदा काय तो घाम गाळा आणि सुटा," त्या म्हणाल्या.

मुलांना घरून तीन-तीन रंगीत कपडे आणायला सांगितले. मावशी दारात उभी राहून एकेकाचा सदरा उतरवत होती, दुसरा चढवत होती. ऑफिसातला दादा फोन घेऊन स्टुलावर. मी फळ्यावर तारीख लिहायची, चोवीस फोटो झाले की पुसायची, पुढच्या शुक्रवारची लिहायची. मातीचा एकच हत्ती चोवीस हातांतून फिरला. शेवटच्याच्या हातात आला तेव्हा त्याला सोंड नव्हती. मावशीनं तिथे करंगळीएवढी माती थापली आणि म्हणाली, "चल, हस."

पाचव्या आठवड्याला 'बी पेरले' होतं आणि सहाव्याला 'रोप उगवले'. पाचव्यासाठी प्रत्येकाच्या हातात मातीचा पेला आणि एक बी दिलं. फोटो झाले. मावशीनं पेले गोळा करून माती बादलीत ओतली. मग रोपवाटिकेतून आणलेली रोपं तिनं त्याच पेल्यांत खोचली आणि परत वाटली. मध्ये गेली दहा मिनिटं.

एक मुलगा पेल्याकडे बघतच राहिला. "बाई, माझं एवढ्यात आलं?"

"हातगुण चांगला आहे तुझा," मावशी म्हणाली. "शेती कर मोठेपणी."

मी हसले. ऑफिसातला दादाही हसला.

बाकीचे आठवडे मुलं ओळी गिरवत. एक ते शंभर, शंभर ते एक. मी पत्रकं भरत असे. पालकांचं एक, ऑफिसचं एक, वरच्या कार्यालयाचं एक. तिन्हींत मजकूर तोच, रकाने वेगळे. शिकवल्याचा पुरावा गोळा करण्यात शिकवायचा वेळ जातो, असं मी एकदा मीटिंगमध्ये बोलले. मोठ्या बाई म्हणाल्या, "मुद्दा चांगला आहे, लेखी द्या."

मला या सगळ्याचं काही वाटत नव्हतं. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कोणी माझ्याकडून रडारड मागायला नको. अकरा वर्षं झाली. पहिल्या दोन वर्षांत चीड यायची, मग ती यायची बंद झाली. कधी बंद झाली तेही लक्षात नाही. दुखता दात मेला की दुखायचा थांबतो. आपण समजतो बरा झाला.

आता मुंगी. वर्गात सगळ्यात लहान चणीची मुलगी. डब्यातलं काही सांडलं तर एकेक कण उचलून झाकणात ठेवायची, म्हणून मुंगी. कमी बोलायची, पण बोलली की माप घेऊन बोलायची. "किती पाणी प्यायलीस?" विचारलं तर "बाटलीवरच्या सशाच्या कानापर्यंत" असं सांगणारी. तिची आई औषधांच्या दुकानात काउंटरला होती. बाप दुसऱ्या शहरात, लिफ्ट दुरुस्त करणारा. दोघं वेगळी झालेली. कोर्टात अजून चाललं होतं, पण तोवर ठरलं होतं ते असं की मुलगी आईकडे आणि दर रविवारी अकरा वाजता बापाचा फोन, अर्धा तास. पत्रक दोघांनाही जायचं.

सातव्या आठवड्यानंतरच्या सोमवारी मुंगीच्या आईनं मला फाटकात गाठलं. दुकानाचा कोट अंगावर, केस ओले.

"बाई, दोन मिनिटं. ही हल्ली खोटं बोलायला लागली आहे."

"मुंगी?"

"तीच. तिच्या बाबांना म्हणते, शाळेत काहीच करत नाही. ते फोटो बघून विचारतात ना. मग म्हणते, मी नाही केलं. अहो, फोटो समोर आहे! हातात पेला घेऊन उभी आहे, दात दाखवते आहे. आणि तोंडावर नाही म्हणते."

"लहान आहे," मी म्हणाले.

"लहान आहे हे मला कळतं, कोर्टाला कुठे कळतं?" तिनं मागे वळून बघितलं आणि आवाज खाली आणला. "ते म्हणतात मी शिकवते. बाबांना काही सांगू नकोस, असं मी पढवते म्हणे. मला काय हौस आहे? पण त्यांनी कोर्टातल्या समुपदेशक बाईंना तसं लिहून दिलंय. आई मुलीला बापापासून तोडते, असं. आता त्या म्हणाल्या, असंच चाललं तर मुलीनं कुठे राहायचं याचा परत विचार करावा लागेल."

"कशावरून पण?"

"त्या रोपावरून! त्यांनी तिथे खोलीत बी लावलं, बाई. तुमचं पत्रक आलं त्याच दिवशी. दोघांचं एकदम वाढेल म्हणाले. दर रविवारी पट्टी लावून मोजतात आणि फोनवर सांगतात, माझं चार बोटं, तुझं किती? आणि ही म्हणते, माझं नाहीचे. मावशीनं आणलं होतं, परत नेलं." आईनं कपाळाला हात लावला. "मावशीचं नाव घेते, बघा. कुठून सुचतं हिला? तुम्ही बोला ना जरा तिच्याशी. तुमचं ऐकते ती."

"बघते," मी म्हणाले.

तेव्हाच सांगायला हवं होतं. फाटकातच, तिथल्या तिथे. एका वाक्याचं काम होतं. पण वाक्य तोंडात आलं नाही, 'बघते' आलं. अकरा वर्षांत मी किती वेळा 'बघते' म्हटलं असेल! बघितलं एकदाही नाही.

मधल्या सुट्टीत मुंगीला जवळ बोलावलं. ती येऊन माझ्या टेबलाच्या कडेला हनुवटी टेकवून उभी राहिली.

"बाबांना रोपाचं काय सांगितलंस?"

"नाहीये म्हणून."

"आपण पेरलं होतं ना बी?"

ती विचार करत राहिली. "मी धरलं होतं. पेरलं नाही. फोटो झाला आणि मावशीनं घेतलं. मग दुसरं दिलं ते पण धरलं."

यात कुठे एक अक्षर चुकीचं आहे? वरच्या कार्यालयातून कोणी साहेब आला असता आणि त्याला खरा अहवाल हवा असता, तर या पोरीनं तो दोन वाक्यांत दिला असता. मला तीन पत्रकं लागली असती.

"हे बघ मुंगे," मी म्हणाले, "बाबांनी विचारलं ना, की हो म्हणायचं. त्यांना बरं वाटतं."

"पण मग ते विचारतील केवढं झालं."

"मग सांगायचं, एवढं एवढं." मी बोटं उघडून दाखवली.

तिनं माझ्या बोटांकडे बघितलं. आपली बोटं तेवढी उघडून बघितली. "बरं," म्हणाली आणि गेली.

मी पुढचं पत्रक ओढलं. झालं ते एवढंच. हे मी कुठेही वाढवून सांगत नाही आणि कमी करूनही सांगत नाही.

आमच्या वर्गात आठवड्याचा एकच उपक्रम खराखुरा व्हायचा, कारण त्याला सामान लागत नाही आणि त्याचा फोटोही चांगला येत नाही. सोमवारची बातमी. सकाळी सगळ्यांनी गोल बसायचं आणि रविवारी घडलेली एक गोष्ट सांगायची. बहुतेकांच्या बातम्या ठरलेल्या. मामा आला. गाडी बंद पडली. आजीनं दात काढून पेल्यात ठेवले. मुंगीची बातमी एका ओळीची असायची आणि तीवर कोणी प्रश्न विचारत नसे. 'काल आईनं खिडकी पुसली.' 'काल दिवे गेले आणि आले.'

दोन सोमवारांनी तिची पाळी आली तेव्हा ती गुडघ्यांवर उभी राहिली.

"काल मी बाबांबरोबर समुद्रावर गेले. तिथे देवमासा होता. तो बसएवढा होता. मी त्याला हात लावला. तो गार होता."

तो हातगुणवाला मुलगा म्हणाला, "हॅट! तुझे बाबा इथे नसतातच."

"आले होते."

"आणि देवमासा किनाऱ्यावर येतच नाही. थापाडी!"

"फोटो आहे," मुंगी म्हणाली.

अगदी शांतपणे म्हणाली. चिडून नाही, लाजून नाही. आणि तो मुलगा, जो कुणाच्या बापाचं ऐकत नाही, तो गप्प बसला. दुसऱ्या एका मुलीनं मान डोलावली. फोटो आहे म्हटल्यावर काय राहिलं? तेवीस मुलांनी देवमासा मान्य केला.

मावशी दारात फडकं पिळत होती. तिनं माझ्याकडे बघितलं. जेवायच्या सुट्टीत माझ्याजवळ येऊन उभी राहिली.

"पोरगी तयार झाली हो," ती म्हणाली. "आता ऑफिसात नोकरीला लावा."

"मावशी, गप्प बसा."

"मी गप्पच असते. सदरे बदलते आणि गप्प बसते. तुम्ही तर शिकलेल्या आहात." आणि फडकं खांद्यावर टाकून ती निघून गेली.

मला ते लागायला हवं होतं. मी डबा उघडला आणि जेवले. सगळा संपवला.

त्या रविवारच्या फोनवर मुंगीनं बापाला रोपाचंही सांगितलं होतं. एक वीत झालं, चार पानं, त्यातलं एक जरा पिवळं. बाप खूश. आणि खूश झाला म्हणूनच घात झाला. कारण त्या रविवारी आई दुकानात होती. माल यायचा होता म्हणून तिला बोलावलं होतं. घरी मुलीजवळ आजी, तीही स्वयंपाकघरात. बापानं सरळ हिशेब मांडला. आई शेजारी असते तेव्हा मुलगी 'नाही' म्हणते. आई नसते तेव्हा भडाभडा बोलते. म्हणजे पढवतं कोण?

गुरुवारी मोठ्या बाईंनी मला बोलावलं. टेबलावर टाइप केलेला कागद. 'सदर विद्यार्थिनीने सर्व साप्ताहिक उपक्रमांत प्रत्यक्ष सहभाग घेतला असून ती उपक्रमांविषयी वर्गात मोकळेपणाने बोलते.' खाली वर्गशिक्षिका म्हणून माझ्या सहीची जागा.

"उद्या तिचे वडील येताहेत. आईलाही बोलावलंय, नंतर कुरबुर नको. समुपदेशकांना शाळेचं पत्र हवंय. सही करून ठेवा."

"हे खरं नाहीये," मी म्हणाले.

"कुठलं?"

"सहभाग. प्रत्यक्ष."

त्यांनी चष्मा काढला. मोठ्या बाई वाईट नाहीत. वाईट माणूस असता तर सोपं झालं असतं. त्यांच्या गुडघ्यात दुखतं, त्यांना निवृत्तीला दोन वर्षं आहेत आणि शाळा बंद पडू नये एवढंच त्यांना हवं असतं. "फोटोत मुलगी आहे ना? पेला धरलाय ना? मग सहभाग झाला. आणि आता तर ती स्वतःच हो म्हणते. मूल हो म्हणतंय, बाप खूश आहे. आपण कशाला मध्ये तंगडं घालायचं?"

"आईची मुलगी जाईल."

"ते कोर्ट बघेल. बाई, झाकली मूठ सव्वा लाखाची. ही उघडलीत तर एक पालक नाही, चोवीस येतील. मग पहिली कोण शिकवणार ते मला शोधावं लागेल." त्यांनी चष्मा परत लावला. "तुम्हाला धमकी नाही देत. नुसतं सांगते."

मी कागद घेतला. घरी नेला. जेवणाच्या टेबलावर ठेवला, त्याच्यावर पाण्याचा तांब्या ठेवला, ओला गोल उमटला. सही केली नाही. फाडलाही नाही. शूर वगैरे काही मी ठरवलं नव्हतं. कागद नुसता पिशवीत परत गेला.

शुक्रवारी सकाळी साडेदहाला ऑफिसात बोलावणं आलं. मुंगीचा बाप मला वाटला होता तसा निघाला नाही. उंच, हडकुळा, सदऱ्याची सगळी बटणं लावलेली. प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये सगळी पत्रकं, छापून, तारखेनं लावलेली. नऊ. माझ्या दोन-दोन ओळी कोणी इतक्या जपून ठेवल्या असतील असं मला कधी वाटलं नव्हतं. मी त्या लिहिताना वाचतही नसे.

आई भिंतीकडच्या खुर्चीत, पिशवी मांडीवर दोन्ही हातांनी धरून. मुंगी मध्ये उभी.

"मला भांडण नको आहे," बाप म्हणाला. "मला एकच बघायचंय. बाई, तुमच्यासमोर विचारतो. बेटा, हे रोप तू लावलंस?"

"हो बाबा," मुंगी म्हणाली.

"तू स्वतः?"

"हो. आधी माती घातली, मग बोटानं खड्डा केला, मग बी घातलं. रोज पाणी घालते. झाकणानं. काल पाचवं पान आलं."

एकही शब्द अडखळला नाही. मी तिच्या आईकडे बघितलं. ती मुलीकडे बघत होती, जशी अनोळखी पोर बसमध्ये शेजारी येऊन बसावी तशी.

"अगं, पण तू मला म्हणालीस..." आई बोलायला गेली.

"बघा," बाप मोठ्या बाईंना म्हणाला. "आता कशी बोलली? आणि घरी फोनवर आई बसलेली असली की काहीच केलं नाही, माझं रोपच नाही. सहा वर्षांच्या पोरीला कोणी खोटं शिकवावं!" मग आईकडे न बघता म्हणाला, "माझा राग असेल तर माझ्यावर काढायचा ना. तिच्या तोंडून कशाला?"

"मी काही शिकवलं नाही हो!" आई म्हणाली. "आईची शपथ, मी उलट रोज तिला ओरडते. मुंगे, सांग ना. मी ओरडते ना तुला?"

मुंगीनं बापाकडे बघितलं, मग आईकडे. कोणाला कुठलं उत्तर द्यायचं याचा अंदाज घेत होती. मला ते ओळखू आलं, कारण मी मीटिंगमध्ये असंच बघते.

मोठ्या बाई म्हणाल्या, "बाई, ते पत्र आणलंत ना?"

मी पिशवीतून कागद काढला आणि टेबलावर ठेवला.

"सही राहिली वाटतं."

"राहिली नाही, केली नाही," मी म्हणाले. माझा आवाज मला दुसऱ्या खोलीतून आल्यासारखा ऐकू आला, हजेरी घेताना येतो तसा सपाट. "तिनं बी पेरलं नाही. वर्गात कोणीच पेरलं नाही. हे सगळे फोटो आम्ही सत्राच्या सुरुवातीला दोन दिवसांत काढले. मुलांचे कपडे बदलले आणि फळ्यावरच्या तारखा बदलल्या. रोपं विकत आणली होती. मावशीनं आणली आणि परत नेली. ती फोनवर सांगत होती ते अक्षर न् अक्षर खरं होतं."

"बाई!" मोठ्या बाई म्हणाल्या.

"आणि आता बोलली ते खोटं. ते तिला तिच्या आईनं शिकवलं नाही. मी शिकवलं. बाबांना हो म्हण, असं मीच सांगितलं."

ऑफिसातला दादा पलीकडे टाइप करत होता, तो थांबला.

आईनं पिशवी खाली ठेवली, परत उचलली. मग एकदम म्हणाली, "मी मारलं हो तिला. परवा. खोटं बोलते म्हणून."

बापानं फोल्डर उघडलं. पहिलं पत्रक बघितलं, दुसरं बघितलं. तो मोजणारा माणूस होता, त्याला मोजूनच पटणार होतं. फोटोतला सदरा, फळा, खिडकीतलं ऊन. नऊच्या नऊ फोटोंत ऊन दोनच कोपऱ्यांत होतं, पाचमध्ये सकाळच्या आणि चारमध्ये दुपारच्या. त्यानं बोट ठेवून एकेक बघितलं. नवव्यावर बोट तसंच राहिलं.

"मग ही करत काय होती?" त्यानं विचारलं. "नऊ आठवडे? माझी मुलगी इथे करत काय होती?"

"ओळी गिरवत होती."

"रोज?"

"रोज."

"आणि मी," तो म्हणाला, "मी दर रविवारी..." पुढचं त्यानं सोडून दिलं. मग आईकडे वळला. बराच वेळ लागला त्याला वळायला. "ते समुपदेशकांना दिलेलं मी परत घेतो. आजच फोन करतो."

"लेखी द्या," आई म्हणाली. तिच्या आवाजात माया नव्हती. का असावी?

"लेखी देतो."

मोठ्या बाई म्हणाल्या, "हे पाहा, शाळेची बाजूसुद्धा समजून घ्यायला हवी. आमच्यावर वरून..." कोणी समजून घेतलं नाही. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि त्या नजरेत सोमवारपासून पहिली कोण शिकवणार हा प्रश्न सुटलेला होता. मला त्याचंही काही वाटलं नाही. वाटेल कदाचित पुढे. भाडं, किराणा, सगळं आहेच.

मुंगी अजून मध्येच उभी होती. एवढं सगळं तिच्याबद्दल बोलणं झालं आणि तिला कोणी काही विचारलं नव्हतं. बाप खुर्चीतून उतरून उकिडवा बसला, तिच्या उंचीला आला.

"आज सकाळी वर्गात काय केलंस?"

तिनं परत एकेकाकडे बघितलं. आईकडे, बापाकडे, मग माझ्याकडे बराच वेळ.

"काय सांगू?" तिनं मला विचारलं.

तो प्रश्न तिनं माझ्याकडूनच शिकला होता.

"केलं असशील ते," बाप म्हणाला.

ती पायाच्या अंगठ्यानं बुटातल्या बुटात काहीतरी करत होती, बूट हलत होता. मग म्हणाली, "माझ्या पट्टीपाशी एक माशी उलटी पडली होती. तिचे पाय वर होते. मी तिला पट्टीनं सरळ केलं. ती जरा चालली आणि परत उलटी झाली. मग परत सरळ केलं. सहा वेळा."

बापानं मान वर करून माझ्याकडे बघितलं. आईनंही. सवय झाली होती सगळ्यांना. "बाई, खरं का हे?"

मुंगीही बघत होती.

मी आठवायचा प्रयत्न केला. सकाळी आठपासून साडेदहापर्यंत ती माझ्यापासून चार हातांवर बसली होती. मी दहाव्या आठवड्याचं पत्रक भरत होते. माशी असेलही, नसेलही. देवमाशानंतर काय सांगावं? मी 'हो' म्हणाले असते तर ते आणखी एक पत्रक झालं असतं.

"मी बघितलं नाही," मी म्हणाले. "मला माहीत नाही. ती सांगते आहे, तुम्ही तिचं ऐका."

बाप तसाच उकिडवा बसून राहिला. त्याचा गुडघा कटकन वाजला. तो काय ठरवतो आहे ते त्याच्या तोंडावर दिसत होतं, आणि ते ठरवणं सोपं नव्हतं, कारण गेल्या रविवारी त्यानं चार पानांवर विश्वास ठेवला होता आणि त्याआधी कितीतरी रविवार खऱ्यावर ठेवला नव्हता.

"सहा वेळा," तो शेवटी म्हणाला. "मग पुढे? माशीचं काय झालं?"

"माहीत नाही," मुंगी म्हणाली. "तुम्ही बोलावलंत ना."